सड्यावरची खडीची खण वाढवणार म्हणतात. जनसुनावणीत काय मांडावं?

कुंभीकाठ | १२ एप्रिल, सकाळी ८.४०

नमस्कार मंडळी. माझं मूळ गाव गगनबावडा तालुक्यात. नोकरीमुळं मी कोल्हापुरात राहतो; गावाकडं आई, थोरला भाऊ आणि वहिनी असतात. गावाच्या वरच्या अंगाला सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार आहे आणि सड्याच्या उतारावर बारा-तेरा वर्षांपासून खडीची खण. खणीला लागूनच क्रशर. आजवर फारशी ओरड झाली नाही, कारण अर्धं गाव कधी ना कधी तिथं कामाला जाऊन आलंय.

आता खण वाढणार आहे. जुना पट्टा (खणीसाठी दिलेली जमीन) पाच हेक्टरच्या जरा आतला, त्याला चिकटून जवळपास तेवढाच आणखी एक मागितलाय. नव्या पट्ट्याचा वरचा तुकडा थेट सड्यावर चढतो, आणि सडा गगनबावडा संवर्धन राखीव क्षेत्रात येतो. जनसुनावणीची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलीय. अजून २६ दिवस आहेत.

सड्याच्या कुशीत आमचा झरा आहे. नळाला पाणी आलं नाही तरी खालच्या आळीतली पंचवीसेक घरं उन्हाळाभर त्यावर निभावतात. आजी सांगायची, ७२ च्या दुष्काळातही तो आटला नव्हता.

काल भाऊ म्हणाला, "एवढा मोठा डोंगर, त्याचा एवढासा कोपरा गेला तर काय बिघडणार हाय?" मला त्याला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा. सुनावणीत बोलायचं तर काय बोलावं?

---

चिवा_बांबू | १२ एप्रिल, ९.१५

वाचतोय. आमच्या शाहूवाडीकडंही बॉक्साइटच्या निमित्तानं हेच सगळं होऊन गेलंय. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

पश्चिमघाट_प्रेमी | १२ एप्रिल, ९.५०

यात चर्चा करण्यासारखं काय आहे? सर्वोच्च न्यायालयाचा आदेश स्पष्ट आहे. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात, शिवाय हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम चालणार नाही. जून २०२२ च्या निकालात सरसकट एक किलोमीटर संवेदनशील क्षेत्र सांगितलं होतं, ते एप्रिल २०२३ मध्ये शिथिल केलं. पण खाणबंदी कायम ठेवली. आदेशाची प्रत जोडा, विषय संपला.

---

कलमबहाद्दर | १२ एप्रिल, ११.०५

@पश्चिमघाट_प्रेमी, इथंच बहुतेकांची फसगत होते. तो आदेश राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांसाठी आहे. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीपासून ही खण किलोमीटरच्या आत असेल तर तुमचा मुद्दा लागू. पण गगनबावडा हे 'संवर्धन राखीव', वन्यजीव कायद्याच्या कलम ३६ए खालचं. २००२ च्या दुरुस्तीनं आलेला हा प्रकार मुळात दोन संरक्षित जंगलांना जोडणाऱ्या सरकारी जमिनींसाठी आहे. त्याला अभयारण्याची काही कलमं लागू होतात: जनावरांना त्रास नाही, आग नाही, विषारी पदार्थ नाहीत. अधिवास नष्ट करायला मज्जाव करणारं कलम २९ मात्र त्या यादीत नाही.

म्हणजे सगळं मोकळं असंही नाही. जमीन वन असेल तर वन संवर्धन कायदा, १९८० खाली केंद्राची मंजुरी लागते. गावानं वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक दावा केला असेल तर तोही मुद्दा उभा राहतो. तेव्हा @कुंभीकाठ, आधी सातबारा, गट नंबर आणि वनविभागाचा कक्ष क्रमांक जुळवून बघा. वरच्या तुकड्याची मालकी नेमकी कुणाची, यावर पुढचं सगळं ठरतं.

दोन पट्टे वेगवेगळे मागितलेत, यावरही बोट ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर पाच हेक्टरखालच्या, खडी-मुरुमासारख्या गौण खनिजाच्या पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते. आणि एकमेकांपासून ५०० मीटरच्या आतले पट्टे एकत्र धरून समूह मोजला जातो. तुमच्याकडं सुनावणी लागलीय म्हणजे समूह धरला असावा. पण त्यात जुन्या खणीचा परिणाम खरोखर मोजलाय, की नुसती बेरीज केलीय?

---

हायवा_मालक | १२ एप्रिल, दुपारी १.३०

सगळे एका बाजूनं बोलायलेत म्हणून लिहितो. माझ्या दोन गाड्या आहेत, हप्ते सुरू आहेत. घरकुलाला खडी लागते का नाही? रस्ता खराब झाला की पहिली पोस्ट तुम्हीच टाकता. नदीची वाळू मिळंना झाली तशी सगळं बांधकाम क्रश सँडवर आलंय. ती दगडातूनच येणार ना? जवळची खण बंद केली तर खडी लांबून येणार, तेवढं डिझेल जास्त जळणार, भाडं वाढणार. ते कुणाच्या खिशातनं?

खण नको म्हणायचं असंल तर खडी कुठनं आणायची तेबी सांगा.

---

उसाचा_मळा | १२ एप्रिल, २.१०

हायवा भाऊ, तुमचं खोटं नाही. पण आमच्या शिवारात काय झालं ते ऐका. आमचं गाव हातकणंगल्याकडचं, खणीपासून पाऊण किलोमीटर. सुरुवातीला खण उथळ होती तोवर त्रास एवढाच, की उसाच्या पाल्यावर पांढुरकी पूड बसायची आणि तोडकरी बायांच्या अंगाला खाज सुटायची. मग खण खाली खाली गेली आणि तिच्या तळाला पाणी लागलं. पाणी लागलं की दगड काढता येत नाही, म्हणून मोटार लावून उपसायला सुरुवात केली. रात्रंदिवस. दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी दोन परस (दोन माणसांच्या उंचीएवढं) खाली गेलं. चुलत्यांच्या विहिरीत तर नुसता गाळ राहिला.

आम्ही कार्यालयात गेलो तर विचारलं, आधी पाणी किती होतं याचा कागद आहे का? कुठला कागद? विहिरीत वाकून बघणारा माणूस कागद कशाला करील? तिथंच आमचं सगळं संपलं.

@कुंभीकाठ, मी एकच सांगतो. झऱ्याचं पाणी आत्ता मोजून ठेवा.

---

पन्हाळ्याची_वाट | १२ एप्रिल, २.२५

+१. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं.

---

भूगोलाच्या_बाई | १२ एप्रिल, सायंकाळी ६.४०

तीस वर्षं हायस्कूलमध्ये भूगोल शिकवला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. भावाच्या प्रश्नाचं उत्तर सड्याच्या घडणीत आहे.

आपल्या सह्याद्रीचा गाभा काळ्या बेसाल्टचा. तुम्ही खडी काढता ती यातलीच. त्याच्या डोक्यावर काही ठिकाणी जांभ्याची टोपी आहे, तोच सडा. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी त्यात मुरत जातं. त्याच्या बुडाला बऱ्याच ठिकाणी चिकण मातीचा थर असतो आणि त्याखाली घट्ट बेसाल्ट. मुरलेलं पाणी त्या मातीवर अडतं, सरळ खाली जाऊ शकत नाही, म्हणून आडवं सरकत डोंगराच्या कुशीत बाहेर पडतं. तुमचा झरा जांभा आणि काळा दगड जिथं भेटतात त्याच उंचीवर असणार. बघून या.

म्हणजे झऱ्याची टाकी वर सड्यात आहे आणि झरा ही तिची तोटी. खण तोटीपासून कितीही लांब असली तरी टाकीला धक्का लागला की तोटी कोरडी. डोंगर केवढा मोठा, याला इथं काही अर्थ नाही. तो कोपरा कुठला, हे बघायचं. मडक्याला बुडाशी रुपयाएवढं भोक पडलं तर मडकं मोठं असून काय उपयोग?

सुरुंगाचंही तेच. बेसाल्टमध्ये पाणी भेगांतूनच फिरतं. सुरुंगानं भेगा उघडतात, काही बुजतात, पाण्याची वाट बदलते. कधी शेजारच्या ओढ्याला पाणी वाढतं आणि आपला झरा मरतो. लाखो वर्षांत तयार झालेली ती रचना कुठल्याही भरपाईनं परत बसवता येत नाही.

---

कुंभीकाठ | १२ एप्रिल, ९.००

बाई, तुम्ही लिहिलंय तसंच आहे. झऱ्याच्या वर तांबडा दगड, खाली काळा. लहानपणापासून बघतोय, पण असा विचार कधी केला नव्हता. भावाला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण मोबाइल मागून घेऊन परत एकदा वाचला.

---

इराणी_खण | १२ एप्रिल, ९.३५

थोडं अवांतर. आपला रंकाळा मुळात खणच होता म्हणतात ना? फार पूर्वी भूकंप झाला आणि खणीत पाणी उसळलं, अशी कथा लहानपणापासून ऐकलीय. शेजारच्या इराणी खणीत आपण गणपती विसर्जन करतो. मग जुन्या खणीचं चांगलं तळं होऊ शकतं, असं नाही का?

---

संध्यामठ | १२ एप्रिल, १०.१०

रंकाळ्याला तळं व्हायला शेकडो वर्षं मिळाली. शिवाय तो सखल भागात आहे, आजूबाजूचं पाणी वाहत येऊन त्यात साचतं. डोंगराच्या उतारावरची खण म्हणजे एका बाजूनं उघडा पडलेला कडा. पावसाळ्यात दगड-माती सुटते, उन्हाळ्यात कोरडी ठाक. आणि सखल खणींतसुद्धा कुंपण नसलं की दर उन्हाळ्यात पोहायला गेलेलं कुणाचं तरी पोर जातं. आमच्या गल्लीतलं एक गेलंय. त्यामुळं 'नंतर तळं होईल' हे वाक्य मला सहन होत नाही.

---

इराणी_खण | १२ एप्रिल, १०.२०

माफ करा, असा विचार केला नव्हता.

---

छिन्नी_सुतकी | १३ एप्रिल, सकाळी ७.३०

आमचं घराणं वडार समाजातलं, तीन पिढ्या दगडावर जगलो. म्हणून खण म्हणजे पाप, असं कुणी म्हटलं की मला लागतं. आजोबा छिन्नी, सुतकी आणि पहारेनं दगड काढायचे. दगडाची नस ओळखायची, पाचर ठोकायची, वर पाणी टाकत राहायचं आणि वाट बघायची. दिवसाला जेमतेम अर्धा ब्रास डबर व्हायचं. वर झाड असलं तर तिथला दगड सोडून द्यायचे, कारण दुपारच्या सावलीची गरज त्यांनाच होती.

आता कॉम्प्रेसर लावून पन्नास-साठ होल मारतात, एकदम उडवतात, पोकलेन येतो. आजोबांच्या सगळ्या आयुष्यात जेवढा दगड निघाला नसेल तेवढा महिन्याभरात निघतो. आणि त्यात आमच्या माणसांना काम किती? क्रशरवर आठ-दहा. म्हणून कामधंद्याचा मुद्दा सुनावणीत निघाला तर नेमकी किती माणसं, कुठली आणि किती दिवस, हे लेखी मागा.

---

माळटिटवी | १३ एप्रिल, १०.४५

मी दर पावसाळ्यात सडे फिरते. मला एका गोष्टीची फार चीड आहे, ती इथं सांगते.

पर्यावरण अहवालासाठी पायाभूत नोंदी बहुतेक वेळा एकाच ऋतूत घेतात, आणि तो ऋतू पावसाळा सोडून असतो. आता सडा मार्च-एप्रिलमध्ये कसा दिसतो? काळा-तांबडा कातळ, करपलेलं गवत, एखादं खुरटं झुडूप. अहवालात चक्क 'पडीक, खडकाळ जमीन' लिहून मोकळे होतात.

तोच सडा ऑगस्टच्या शेवटी बघा. कातळावर बोटभर माती असते नसते, त्यात पांढऱ्या गेंदाचे ठिपके, पाणथळ जागी सीतेच्या आसवांची निळी पसरण. सीतेची आसवं बारीक किडे खाऊन जगतात, कारण त्या मातीत पोषण जवळपास नसतंच. एकदा नशिबानं कंदीलपुष्प दिसलं होतं, गुडघे टेकून बघावं लागलं. पहिल्या पावसात कातळाच्या खळग्यांत बेडकांची अंडी असतात, आणि ते पाणी आटायच्या आत पिल्लांना पाय फुटावे लागतात. एवढं सगळं तीन-चार महिन्यांत उरकून सडा परत मेल्यासारखा पडून राहतो. बिया, कंद, बेडूक सगळे आत असतात. एप्रिलमध्ये येऊन 'इथं काही नाही' म्हणणारा माणूस रात्री दोन वाजता बाजारपेठेत येऊन 'इथं माणसं राहत नाहीत' म्हणतोय.

म्हणून मागणी करा: नोंदी पावसाळ्यातल्या हव्यात, त्याशिवाय सड्याबद्दलचं एकही वाक्य ग्राह्य धरू नये.

आता गव्यांचं. ही दोन जंगलं जोडणारी जमीन आहे, हे @कलमबहाद्दर यांनी सुचवलंच आहे. खाली राधानगरी, वर चांदोली. २०१० पासून चांदोली-कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय. मधली गगनबावडा, पन्हाळा, विशाळगडची जंगलं म्हणजे जनावरांची जायची-यायची वाट. सुरुंग आणि रात्रीचे दिवे लागले की गवा ती वाट सोडतो, पण चालायचं सोडत नाही. मग तो उसात येतो. २०२१ च्या डिसेंबरात गवा पार कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आला होता, आठवतंय ना?

---

दाजीपूरकर | १३ एप्रिल, ११.२०

माळटिटवी ताई, फार सुंदर लिहिलंत. एक भर घालतो. दाजीपूरचं जंगल शाहू महाराजांच्या काळी शिकारीसाठी राखलेलं होतं, १९५८ मध्ये तिथं राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत राधानगरी आलं. पण जंगल हद्दीच्या खांबाशी संपतं असं जनावराला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या घरामागच्या नाचणीत गवा येतो तो खांब बघून येत नाही.

---

साने_गल्लीचा_डॉक्टर | १३ एप्रिल, दुपारी ४.००

धुळीबद्दल लिहितो, कारण सुनावणीत हमखास 'सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार) होणार' असं कुणीतरी म्हणतं आणि समोरचा ते सहज खोडून काढतो. बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका वालुकाश्माच्या मानानं फार कमी असते. त्यामुळं तो मुद्दा पुढं करू नका. धूळ मात्र वाईटच. बारीक कण फुप्फुसात खोल जातात, दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना त्रास होतोच. हवेतल्या बारीक कणांची (पीएम; पुढचा आकडा कणाच्या आकाराचा, मायक्रॉनमध्ये) चोवीस तासांची मानकं अशी: पीएम १० साठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, पीएम २.५ साठी ६०. विचारायचं ते असं: मोजणीचं यंत्र कुठं ठेवलं होतं, शाळेजवळ की वाऱ्याच्या उलट दिशेला? त्या दिवशी क्रशर चालू होता का? क्रशरला पत्र्याचं आच्छादन आणि पाण्याचे फवारे आहेत का, आणि फवाऱ्याला पाणी कुठलं? झऱ्याचं तर नाही?

---

हायवा_मालक | १३ एप्रिल, रात्री ८.५०

दोन दिवस सगळं वाचतोय. काल मी जरा तावात लिहिलं. बाईंनी जांभ्याचं लिहिलं त्यावर मला धंद्यातली एक गोष्ट सांगायची हाय.

जांभ्याची खडी होत नाही. मऊ असतो, क्रशरला घातला तर भुगा होतो. म्हणजे सड्यावर चढायचं झालं तर आधी वरचा सगळा जांभा आणि मुरूम काढून टाकायला लागणार, मग खाली काळा दगड. तो टाकाऊ माल कुठं टाकणार? खालनं वर गाडीनं कुणी नेत नाही, डिझेल परवडत नाही. उतारावरच ढकलतात. पहिल्या मोठ्या पावसात ते सगळं ओढ्यात आणि ओढ्यातनं भाताच्या खाचरात. मी हे डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा सुनावणीत विचारा, वरचा माल किती ब्रास निघणार आणि टाकायची जागा नकाशावर कुठली? याचं उत्तर नीट देता येणार नाही त्यांना.

आणि दुसरं. जुन्या पट्ट्यात माल संपलाय का, हे कुणी विचारलंच नाही. बऱ्याच खणीत एका कोपऱ्यात खाली गेलेले असतात आणि बाकी दगड तसाच असतो. नवीन जागा फोडायला सोपी पडते म्हणून मागतात. मला माझं पोट हाय, पण झरा तोडून नको.

---

कलमबहाद्दर | १३ एप्रिल, ९.१५

@हायवा_मालक, या धाग्यातले सर्वांत उपयोगी दोन प्रश्न तुम्ही दिलेत. खडी कुठून आणायची या तुमच्या पहिल्या प्रश्नाचं थोडं उत्तर: पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट दळून पुन्हा वापरायचे नियम २०१६ पासून आहेत. शहरात रोज वाडे पडतात आणि ते डबर ओढ्यानाल्यांत जातं. त्यानं सगळी गरज भागणार नाही, हेही खरं.

कार्यपद्धतीचंही सांगतो. सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश मागा, तो मिळायलाच हवा. पण मूळ अहवालही बघा, सारांशात नकाशे नसतात. बोलाल ते लेखीही द्या आणि पोच घ्या. सुनावणीचं चित्रीकरण होतं, आणि शेवटी सगळे मुद्दे मराठीत वाचून दाखवायचे असतात. लोक त्याआधीच जेवायला निघून जातात. ते वाचन होईपर्यंत खुर्ची सोडू नका. तुमचा मुद्दा त्यात आला नाही तर तिथल्या तिथं उठून सांगा.

---

चिवा_बांबू | १४ एप्रिल, ७.१०

हा धागा छापून गावागावांत वाटला पाहिजे.

---

भूगोलाच्या_बाई | १४ एप्रिल, ७.४०

@कुंभीकाठ, मोजायची सोपी रीत. एक भांडं घ्या, त्यात किती लिटर मावतं ते बाटलीनं मोजून खात्री करा. झऱ्याच्या धारेखाली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. तीनदा करा, सरासरी काढा. रोज एकाच वेळी, कुणी पाणी भरायला यायच्या आधी. तारीख, वेळ, मोजणाऱ्याची सही. आठवड्यातून एकदा ग्रामपंचायतीच्या कुणाला तरी शेजारी उभं करा.

---

कुंभीकाठ | १९ एप्रिल, रात्री ९.३०

धागा वर काढतोय. शनिवार-रविवार गावी होतो.

तलाठ्याकडं आणि वनरक्षकाकडं जाऊन नकाशे जुळवले. नव्या पट्ट्याचा खालचा भाग खासगी, वरचा तुकडा वनाचाच. झरा त्या तुकड्याच्या बरोबर खाली, उतरायला दहा मिनिटं. अहवालही बघितला. सड्याला 'खडकाळ पडीक' म्हटलंय, माळटिटवी ताई. नोंदी डिसेंबर ते फेब्रुवारीच्या. झऱ्याचा उल्लेखच नाही. वरच्या मालाची जागा म्हणून नकाशावर नुसता एक चौकोन काढलाय, तो आमच्या ओढ्याच्या डोक्यावर.

आज पहाटे सहाला आईची तांब्याची घागर घेऊन झऱ्यावर गेलो. भाऊ स्वतःहून आला. आदल्या रात्री लिटरच्या बाटलीनं घागर मोजली होती, बरोबर पंधरा बाटल्या. मी धारेखाली धरली, भावानं मोबाइलवर वेळ लावली. ५१ सेकंद, ४९, परत ५०.

---

भूगोलाच्या_बाई | १९ एप्रिल, ९.५५

सरासरी ५०. म्हणजे मिनिटाला १८ लिटर, तासाला १०८०, दिवसाला २५,९२०. माणशी ५५ लिटर हा नळयोजनेचा सरकारी हिशोब धरला तर ४७० माणसांचं पाणी. तेही एप्रिलच्या मध्याला. तुमच्या पंचवीस घरांना पुरून उरतं, बाकीचं ओढ्याला जातं. हा आकडा सुनावणीत सगळ्यात आधी सांगा.

---

उसाचा_मळा | १९ एप्रिल, १०.०५

कागद झाला. आम्हाला नव्हता, तुम्हाला आहे.

---

कुंभीकाठ | १९ एप्रिल, १०.४०

बाई, आकडा भावाला फोन करून सांगितला. तो म्हणाला, ४७० म्हणजे आपल्या वाडीपेक्षा जास्त माणसं. मग जरा वेळ गप्प राहिला. कारखान्याची जुनी डायरी घेऊन त्यानं पहिल्या पानावर आजची तारीख, ६.१०, आणि तिन्ही आकडे लिहून खाली सही केलीय. उद्या मी कोल्हापुरात असणार, म्हणून घागर धरायला वहिनीला घेऊन जाणार आहे.